सवडीची दंतकथा

‘टाळेबंदी लेखकांच्या पथ्यावर पडली’ हे विधान २०२०च्या उन्हाळ्यात प्रथम कानी आले. आता पाचांहून अधिक वर्षे उलटली, तरी चर्चासत्रांच्या बीजभाषणांत, दिवाळी अंकांच्या संपादकीयांत आणि अलीकडे तर पीएच.डी.च्या प्रबंधांच्या प्रस्तावनांतही ते निर्धास्तपणे वावरते आहे. लेखकाला नाहीतरी एकांत हवाच असतो, तो त्याला आयता मिळाला. बाहेरचे जग थांबले आणि आतले जग बोलू लागले. सक्तीच्या विश्रांतीतून सर्जनाला बहर आला, असा या युक्तिवादाचा साधारण नकाशा. ही मांडणी ऐकायला गोड वाटते, पण ती खोटी आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. शिवाय ती निरुपद्रवी नाही. तिच्यामुळे कोणाला लेखक म्हणायचे, कोणते लेखन महामारीचे मानायचे आणि कोणाच्या मौनाला आळस ठरवायचे, याचे निकष नकळत बदलून गेले आहेत. आम्ही मराठीचे अध्यापन करणारी मंडळी आहोत. हे निकष उद्या अभ्यासपत्रिकेत उतरणार आणि ते आम्हीच शिकवणार, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम त्या काळाचे वातावरण आठवून पाहावे. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. मे महिन्यात महाविद्यालयांतून ‘राष्ट्रीय’ आणि ‘आंतरराष्ट्रीय’ वेबिनारांचा असा पूर लोटला की एका दिवशी तीन-तीन ठिकाणी हजेरी लावून तीन ई-प्रमाणपत्रे पदरात पाडून घेणारे अध्यापक निर्माण झाले. शेवटी येणारा अभिप्रायाचा गूगल फॉर्म भरला की प्रमाणपत्र हाती. मधले व्याख्यान ऐकलेच पाहिजे असे कोणतेही बंधन नव्हते. या वेबिनारांत ‘कोविडोत्तर साहित्य’ हा विषय फार लोकप्रिय होता. कोविड नुकता दारात आला होता, दुसरी लाट अजून वर्षभर दूर होती आणि आमचे समीक्षक मात्र त्याच्या उत्तरकालाचे साहित्य कसे असेल याची चिकित्सा करीत होते. साथ संपण्यापूर्वीच तिचे साहित्य मागण्याची ही घाई आणि सवडीची दंतकथा, दोन्ही एकाच मुळाच्या. साथीत लेखकाचा दिवस प्रत्यक्ष कसा जातो, हे पाहण्याची इच्छा दोहोंतही नाही.

या दंतकथेचा सर्वांत आवडता पुरावा म्हणजे शेक्सपिअर. प्लेगमुळे लंडनची नाट्यगृहे बंद पडली आणि त्याने घरी बसून ‘किंग लिअर’ लिहिले, हे वाक्य त्या दिवसांत प्रत्येकाच्या फोनवर किमान चारदा येऊन गेले असेल. ‘तुम्ही काय लिहिलेत?’ ही त्यामागची गर्भित विचारणा. ‘लिअर’चा राजदरबारातील प्रयोग २६ डिसेंबर १६०६चा आणि त्या वर्षी नाट्यगृहे बंद होती, इतके खरे. मात्र ते नाटक प्लेगच्या कोंडवाड्यातच लिहिले गेले, हा केवळ तर्क. त्याहून महत्त्वाची गोष्ट सांगणारे सांगत नाहीत. शेक्सपिअर हा आपल्या नाटकमंडळीचा भागीदार होता. ती मंडळी राजाच्या नावाने चालत असे, आणि साथीच्या काळात तिला दरबाराकडून पैसे मिळाल्याच्या नोंदी आहेत. म्हणजे दाखल्यातला लेखक हा साथीतही चूल पेटती राहील अशी व्यवस्था असलेला लेखक आहे. हा तपशील वगळला की मागे उरते ती केवळ प्रतिभा, आणि मग ज्याची चूल विझली त्याच्या प्रतिभेविषयी शंका घेणे सोपे जाते.

दुसरा दाखला बोकाचिओचा. १३४८च्या प्लेगमध्ये फ्लोरेन्स सोडून सात तरुणी आणि तीन तरुण नगराबाहेरच्या बागबगीच्यांच्या वाड्यांत जातात आणि दहा दिवस एकमेकांना गोष्टी सांगतात. त्या शंभर गोष्टी म्हणजे ‘डेकामेरॉन’. साथ आणि कथन यांच्या नात्याची ही आद्य प्रतिमा म्हणून आपण ती वर्गात शिकवतो. पण या दहा जणांबरोबर नोकर आणि दासीही गेलेल्या आहेत, आणि कोणी स्वयंपाक पाहायचा, कोणी दालने झाडायची याची वाटणी पहिल्याच दिवशी नावानिशी होते, हे आपण किती वेळा सांगतो? गोष्टी सांगण्याची सवड त्या कामांच्या वाटणीतून जन्माला आलेली आहे. सहाव्या दिवशी तर स्वयंपाकघरातील लिचिस्का नावाची दासी एका नोकराशी भांडत भांडत थेट त्या मंडळीपुढे येते, आणि गोष्टी काही काळ थांबतात. बोकाचिओने तिला बोलू दिले, हा त्याचा मोठेपणा. आमच्या टाळेबंदीच्या गौरवगाथांत लिचिस्काला प्रवेशच नाही. धुणीभांडी करणाऱ्या बाईंना सोसायटीच्या दारातून परत पाठवल्यावर ज्या घरांत ‘एकांत’ अवतरला, त्या घरांतील भांडी कोणी घासली, हा प्रश्न साहित्यबाह्य समजला गेला.

आम्हांस तो प्रश्न साहित्याचाच वाटतो, आणि त्याचे कारण मराठी लेखकाच्या घडणीत आहे. मराठीत केवळ लेखनावर जगणारा लेखक हा अपवाद. येथील लेखक बहुधा मास्तर असतो. नसल्यास बँकेत, टपालखात्यात, एस.टी.त, इस्पितळात किंवा शेतात असतो. त्याचा साथीतील दिवस म्हणजे त्याच्या नोकरीचा किंवा बेकारीचा दिवस. जिल्हा परिषदेच्या शाळांतील शिक्षकांना त्या काळात तपासणी नाक्यांवर उभे केले गेले, रेशन दुकानांवर बसवले गेले, घरोघरी ताप मोजत सर्वेक्षणाला पाठवले गेले. गेल्या तीस-पस्तीस वर्षांतील ग्रामीण मराठी कवितेचा मोठा भाग याच शिक्षकांनी लिहिला आहे. नाक्यावर रात्रपाळी करून परतलेल्या आणि वेगळ्या खोलीत जेवणाचे ताट सरकवून घेणाऱ्या कवीला ‘मिळालेल्या एकांताचे तुम्ही काय केलेत’ असे विचारणाऱ्याची रसिकता कोणत्या जातीची म्हणावी?

आणि तासिका तत्त्वावरील अध्यापक. हा शब्द आपल्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही. अनेकांनी तो भोगलेला आहे. नेट-सेट उत्तीर्ण, काहींच्या नावावर पीएच.डी., एखादा कवितासंग्रह, क्वचित एखादा पुरस्कारही, आणि वेतन घेतलेल्या तासांपुरते. महाविद्यालये बंद झाली, नव्या वर्षाच्या नेमणुका लांबल्या, आणि तास नाहीत म्हणून पैसे नाहीत. आमच्या परिचयातील अशा लेखकांपैकी कोणी भाजीची गाडी लावली, कोणी गावी जाऊन मजुरीला गेले, कोणी उधारीवर एक वर्ष काढले. त्यांतील काहींनी त्यानंतर लिहिलेलेच नाही. चाळिशीच्या उंबरठ्यावर थांबलेले हे लेखन पुन्हा सुरू होईलच असे नाही. महामारीने मराठी साहित्याचे काय केले, या प्रश्नाचे निदान एक उत्तर या न लिहिलेल्या पुस्तकांत आहे. पण ग्रंथसूचीत त्यांची नोंद होत नाही, आणि जे सूचीत नाही त्यावर आमचे संशोधक शोधनिबंध लिहीत नाहीत.

शेक्सपिअरचा दाखला देणाऱ्यांना स्वतःच्या भाषेतील साथीचा इतिहास तरी ठाऊक असावा, ही अपेक्षाही फोल ठरते. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीस आला, १८९७च्या आरंभी साथरोगाचा कायदा झाला. हाच कायदा २०२० मध्ये पुन्हा वापरला गेला. मुंबई-पुण्यात सुरू झालेली ती साथ पुढे वीस-पंचवीस वर्षे देशभर रेंगाळली आणि तिने एक कोटीहून अधिक माणसे नेली. आधुनिक मराठी कवितेचा आरंभकाळ नेमका हाच. आता ज्यांना आपण या कवितेचे जनक म्हणतो त्या केशवसुतांकडे पाहावे. मुंबई, भडगाव, फैजपूर, धारवाड अशी त्यांची मास्तरकी चालली होती. तुटपुंज्या पगाराची आणि बदलत्या गावांची. १९०५च्या नोव्हेंबरात हुबळीस प्लेगने त्यांचा अंत झाला, तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती. हयातीत त्यांचा एकही संग्रह निघाला नव्हता. तो त्यांच्या मागे हरिभाऊ आपट्यांनी काढला. ‘तुतारी’, ‘झपूर्झा’, ‘हरपले श्रेय’ ज्यांना पाठ आहेत असे किती विद्यार्थी हा कवी कशाने गेला हे सांगू शकतील? आम्ही वर्गात विचारून पाहिले आहे. उत्तर देणारे हात फारसे वर येत नाहीत.

ज्या कवितांनी आपण केशवसुतांना ओळखतो त्यांत प्लेग हा विषय नाही. म्हणजे आजच्या निकषाने ते ‘महामारीचे कवी’ ठरत नाहीत! परंतु त्यांच्या कवितेतील कवीच्या एकाकीपणाची आणि निसटत्या श्रेयाची चर्चा आपण केवळ रोमँटिक परंपरेच्या अंगाने करतो. आज या गावात तर उद्या त्या गावात शिकवणाऱ्या, साथीने ग्रासलेल्या मुलखात राहणाऱ्या एका शिक्षकाची ती कविता आहे, हे विसरून कसे चालेल? प्लेगमुळे अमुक कविता सुचली अशी कार्यकारणाची गाठ आम्ही मारू इच्छित नाही, तसा आधारही नाही. कवीचा दिवस कसा होता हे त्याच्या कवितेच्या शेजारी ठेवून पाहावे, इतकेच.

दुसरे नाव सावित्रीबाई फुले यांचे. १८५४ मध्ये ‘काव्यफुले’ प्रसिद्ध करणारी ही कवयित्री १८९७च्या प्लेगात आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्यासह पुण्याबाहेर उभारलेल्या दवाखान्यात रुग्णांची शुश्रूषा करीत होती आणि त्यातच लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी तिचे निधन झाले. हा प्रसंग समाजकार्याच्या पाठात येतो, वाङ्मयेतिहासात येत नाही. साथीत लेखकाने दिवस कसा काढला, या प्रश्नाला मराठीत याहून लख्ख उत्तर कोणते आहे? लेखणी बाजूला ठेवून ती रुग्णांकडे गेली. आमच्या समीक्षेच्या हिशेबी मात्र त्या महिन्यांत तिची ‘निर्मिती’ शून्य.

आणि तरीही त्या प्लेगचे मराठी लेखन विपुल आहे. ते कादंबरी-काव्यात शोधू नये. वृत्तपत्रांच्या स्तंभांत शोधावे. सोजिरांकडून होणारी घरतपासणी, विलगीकरणाच्या छावण्या, उघड्यावर टाकलेली घरगुती चीजवस्तू, गाव सोडून रानात राहुट्या ठोकणे, या सगळ्याचे वर्णन आणि त्यावरचा संताप ‘केसरी’ आणि तत्कालीन पत्रांनी आठवड्यागणिक छापला. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली. त्याच वर्षी टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. हे लेखन सवडीतले नव्हते. छापखान्याच्या वेळेला बांधलेले, उद्या शिळे होणारे आणि लिहिणाऱ्याला तुरुंगाच्या दारापर्यंत नेऊ शकणारे ते गद्य आहे. परंतु आमच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत ‘साथ आणि साहित्य’ असा घटक आला की पहिले नाव कामूचे येते. कामू थोरच, मात्र ‘द प्लेग’ ही १९४७ची कादंबरी, तिच्यावर महायुद्धाची आणि जर्मनव्याप्त फ्रान्सची छाया आहे. ओरानच्या उंदरांपर्यंत पोहोचण्यापूर्वी मांडवीच्या उंदरांची विचारपूस करावी, ही मागणी प्रादेशिक अस्मितेची नव्हे. साध्या अभ्यासशिस्तीची आहे.

घाईविषयी आणखी एक. १९१८च्या इन्फ्लुएन्झाने भारतात एक कोटीहून अधिक माणसे दगावली. हिंदी कवी निराला यांनी त्या साथीत पत्नी आणि घरातील कितीतरी माणसे गमावली. गंगेत वाहणाऱ्या प्रेतांचे त्यांचे जे वर्णन आज सर्वत्र उद्धृत केले जाते ते ‘कुल्ली भाट’मधले, आणि ते पुस्तक १९३९चे आहे. मध्ये एकवीस वर्षे गेली. लंडनच्या १६६५च्या प्लेगवरील डेफोचे पुस्तक १७२२ साली आले. साथीच्या वेळी डेफो जेमतेम पाच वर्षांचा होता. म्हणजे साथीचा उत्तम लेखक कदाचित आज पाचवी-सहावीत असेल. २०२० साली तो घरातील एकुलता एक फोन मोठ्या बहिणीच्या तासिकेसाठी गेला म्हणून रडत होता. त्याची वाट पाहण्याऐवजी जून २०२०मध्येच टाळेबंदीच्या कवितांची प्रातिनिधिक संकलने काढण्यात आम्ही धन्यता मानली. त्यांत चांगल्या कविता नव्हत्याच असे नाही, पण त्या थोड्या होत्या, आणि बाल्कनीतून दिसणारा गुलमोहर फार होता.

स्त्रियांच्या लेखनाविषयी येथे सविस्तर लिहायला हवे, कारण दंतकथेचा फुगा सर्वांत आधी फुटतो तो येथे. घरातील सर्व माणसे चोवीस तास घरात म्हणजे तीन वेळचे जेवण, चार वेळचा चहा, आजारी सासऱ्यांची औषधे, मुलांच्या ऑनलाइन शाळेवर देखरेख, आणि स्वतःचे ऑनलाइन तास स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी फोन टेकवून. आमच्या काही सहकारी भगिनींनी त्या वर्षी कॅमेरा बंद ठेवून ‘मर्ढेकरांची प्रतिमासृष्टी’ शिकवता शिकवता कणीक मळली आहे. पुरुष लेखकाने जिला ‘जगाची निःशब्दता’ म्हटले ती त्यांच्या घरात एक क्षणही नव्हती. पण मराठीत याच कोलाहलातून थोर गद्य निर्माण झालेले आहे, हे आपण जाणतो. ‘स्मृतिचित्रे’ उघडावे. बिऱ्हाडे हलवणे, दुखणी, उसनवारी, नवऱ्याचा लहरी स्वभाव, दारात येणारी-जाणारी माणसे, हेच लक्ष्मीबाईंचे साहित्यद्रव्य. रोजचे जगणे हे लेखनाच्या वाटेतील धोंड आहे, ते दूर झाले की लेखन वाहू लागेल, ही कल्पना या एका पुस्तकापुढेही टिकत नाही. लक्ष्मीबाईंना एकांत मिळाला असता तर काय लिहिले असते हे सांगता येत नाही. एकांताविना काय लिहिले ते समोर आहे.

आता लेखक या संज्ञेच्या परिघाबाहेर ठेवलेल्यांबद्दल. नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी जत्रांच्या सुपाऱ्या देऊन जातात. २०२० आणि २०२१ असे सलग दोन हंगाम बुडाले. फडमालकांवर कर्जे चढली, कलावंत मजुरीला लागले. राज्य शासनाने पुढे कलावंतांसाठी साहाय्य जाहीर केले. पण ते येईतो दोन चैत्र सरून गेले होते. वग लिहिणारा, ऐन वेळी बतावणीत कालच्या बातमीवर टोमणा घालणारा, हा मराठीतील लेखक आहे की नाही? असल्यास त्याची टाळेबंदी आपल्या वाङ्मयीन चर्चेत कोठे आहे? राजाच्या मंडळीला मिळालेली रक्कम आठवावी आणि मग फडाच्या उधारीची वही उघडावी. साथ आणि नाट्यलेखन या विषयावर त्यातून जे कळेल ते ‘लिअर’च्या दंतकथेतून कळणार नाही.

संमेलनाचीही गोष्ट तीच. नाशिकचे ९४वे साहित्य संमेलन मार्च २०२१मध्ये व्हायचे होते, ते डिसेंबरात झाले. मधल्या काळात खेद व्यक्त झाला तो मुख्यतः उत्सव लांबल्याचा. त्या दोन वर्षांत गेलेल्यांची नावे मात्र आपण शोकसभेत एकदा उच्चारून मिटवली. मे २०२०मध्ये रत्नाकर मतकरी गेले, एप्रिल २०२१मध्ये नागपुरात वीरा साथीदार. अन्य भाषांत मंगलेश डबराल, सुगतकुमारी, शंख घोष, सिद्धलिंगय्या. ‘महामारीने साहित्याला काय दिले’ असा प्रश्न परिसंवादाच्या शीर्षकात छापणाऱ्यांनी ही नावे त्याच्या शेजारी एकदा लिहून पाहावीत.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही. काही जणांना त्या महिन्यांत खरोखरच सवड मिळाली, वर्षानुवर्षे रखडलेली हस्तलिखिते पुरी झाली, गावाकडच्या नवोदितांना ऑनलाइन मैफलींमुळे पुण्या-मुंबईचा श्रोता लाभला. हे आम्हांस मान्य आहे. आमचे भांडण त्या व्यक्तींशी नाही. निश्चित पगार, स्वतंत्र खोली आणि घरकाम करणारे दुसरे कोणी, या तीन गोष्टी असलेल्यांचा अनुभव ‘लेखकाचा अनुभव’ म्हणून सरसकट मांडला जातो, आक्षेप त्याला आहे. आम्हा कायम नोकरीतील अध्यापकांचे पगार त्या काळात उशिरा का होईना, येत होते. तेव्हा एकांताचे माहात्म्य सांगण्याचा अधिकार आमच्या वर्गाने तरी बजावू नये.

अभ्यासपत्रिकेत काय करावे, याविषयी आमची सूचना अगदी व्यावहारिक आहे. ‘महामारीचे साहित्य’ या घटकात छापील संग्रहांच्या बरोबरीने त्या काळातील साधे, रोजचे कागद यावेत: नाक्यावर कामाला असलेल्या शिक्षकांच्या नोंदवह्या, आशासेविकांची टिपणे, फडांच्या उधारीच्या वह्या, तासिका तत्त्वावरील अध्यापकांनी प्राचार्यांना लिहिलेले अर्ज, चालत गावी निघालेल्या मजुरांनी घरी पाठवलेले आवाजी निरोप. ८ मे २०२० रोजी करमाडजवळ रुळांवर झोपी गेलेले सोळा मजूर मालगाडीखाली सापडले. त्यांच्या सोबत्यांकडे त्या रात्रीचे काही सांगण्यासारखे असेल, तर ते मिळवायला कोणी गेले आहे काय? एम.ए.च्या विद्यार्थ्यांना पन्नास गुणांचा प्रकल्प असतोच. दरवर्षी तेच ‘अमुक कवीच्या कवितेतील निसर्ग’ देण्याऐवजी एकेका विद्यार्थ्याने आपल्या गावातील एका लिहित्या माणसाचे ते दोन वर्षांचे दिवस लिहून काढावेत, त्याने त्या काळात एक ओळ लिहिलेली नसली तरीही. हे काम लवकर व्हायला हवे. अर्जांच्या प्रती कार्यालयांतून रद्दीत निघू लागल्या आहेत, आणि ते निरोप ज्या फोनांत होते त्यांतले बरेच फोन आता बदलले गेले आहेत.